म्हशीचे काय झाले? : लेखकाचा संसार आणि मराठी चरित्रपट

महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ या चित्रपटाचा पूर्वार्ध ४ जानेवारी २०१९ रोजी आणि उत्तरार्ध ८ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला. पु. ल. देशपांडे यांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष होते. पटकथा गणेश मतकरी यांची, संवाद रत्नाकर मतकरी यांचे. पुलंच्या भूमिकेत सागर देशमुख आणि सुनीताबाईंच्या भूमिकेत इरावती हर्षे. त्या वेळी वृत्तपत्रांतून जी चर्चा झाली तिचा बराचसा भाग एका तक्रारीने व्यापला होता : पडद्यावरच्या पुलंच्या हातात सिगारेट आणि मद्याचा पेला फार वेळा दिसतो. महाराष्ट्राच्या लाडक्या व्यक्तिमत्त्वाची बदनामी झाली असे काहींना वाटले, काहींना ते निव्वळ अरसिक वाटले. या वादात आम्हांला तेव्हाही फारसा रस नव्हता. लेखक काय पीत होता यापेक्षा त्याच्या घरात सकाळी पाणी कोण भरत होते, हा प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासाला अधिक जवळचा आहे, असे आमचे मत.

हा प्रश्न नेमक्या शब्दांत मात्र आम्हांला उशिरा भेटला, आणि तोही पुलंच्या निमित्ताने नव्हे. आमच्यापैकी एकीचे घर मुळशी तालुक्यातील नांदे या गावी आहे. सूस-लवळ्याच्या बाजूची गावे आता उंच इमारतींनी वेढली जात आहेत. पण जुन्या गावठाणात अजून गोठे आहेत, आणि आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या काही मुली सकाळची धार काढूनच येतात. चरित्र, आत्मचरित्र आणि चरित्रपट या विषयावर एम.ए.च्या विद्यार्थ्यांना काही चित्रपट दाखवायचे ठरले, तेव्हा वर्गापेक्षा नांद्याचे घर बरे, असे सर्वांचे मत पडले. पहिल्या रविवारी प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला. ओसरीवर घरातल्या आजी बसल्या होत्या. वारी केलेल्या, देहूला कितीदा जाऊन आलेल्या. नांद्याहून देहू तसे लांबही नाही. तुकोबा वैकुंठाला गेले, आजींनी हात जोडले, आणि दिवे लागल्यावर त्यांनी विचारले, “मग म्हशीचं काय झालं?”

मुले हसली. आम्हीही हसलो. परंतु पुढच्या तीन रविवारी आम्ही जे काही बोललो ते या प्रश्नाभोवतीच फिरत राहिले.

‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो पुण्यात प्रभातच्या आवारात केला. त्याच आवारात १९६० पासून चित्रपट प्रशिक्षणसंस्था आहे. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे सर्व विद्यार्थ्यांना ठाऊक असते, निदान परीक्षेपुरते. ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ते असे की, मराठीतला लेखकावरचा हा थोर चित्रपट मूलतः एका बिघडलेल्या संसाराचा चित्रपट आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम डोळे मिटून गातो. आणि घरात मूल आजारी आहे, मडक्यात दाणा नाही, नवऱ्याने मिळालेले धान्य वाटून टाकले आहे. गौरी या अभिनेत्रीने साकारलेली जिजाई आजारी पोराला घेऊन देवळात जाते आणि विठोबावर वहाण उगारते. किरकोळ कामांतून वर आलेल्या या नटीने हे दृश्य असे काही केले आहे की, भाविक प्रेक्षकालाही त्या क्षणी विठोबाचा राग यावा. शिवराम वाशीकरांच्या पटकथेने एक मोठे शहाणपण दाखवले : जिजाईला खलनायिका केले नाही. खलपुरुषाची जागा सालोमालोला दिली आणि घरातला झगडा झगडाच राहू दिला. दोघेही बरोबर आहेत, आणि दोघांना एका छपराखाली राहायचे आहे.

आता साधनांचा प्रश्न. जिजाई, जिला आवली म्हणूनही ओळखतात, ती पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची मुलगी, तुकोबांची दुसरी पत्नी. पहिली पत्नी रखमाई दुष्काळात गेली. जिजाईने स्वतः काही लिहून ठेवले नाही, ठेवणे शक्यच नव्हते. तिचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो तो दोन वाटांनी. एक, महिपतीसारख्या चरित्रकारांच्या कथनातून. ‘भक्तविजय’ १७६२चा, म्हणजे तुकोबांनंतर शतकाहून अधिक काळाने रचलेला. दुसरी वाट अधिक विलक्षण आहे : खुद्द गाथेत पत्नीच्या कठोर बोलांचे अभंग आहेत. बायको घालूनपाडून बोलते, टाळकुट्यांना शिव्या देते, घर बुडाले म्हणून आक्रोश करते, आणि हे सारे नवरा छंदात बांधतो. विडंबन म्हणावे, कबुली म्हणावे, की बायकोच्या बोलण्यातला ठसका कवीला मोहून गेला म्हणावे? आम्हांला तिसरा पर्याय पटतो. तुकोबांची रांगडी, नेमकी बोली पाहिली की या घरात भाषा एकट्याच्या मालकीची नव्हती, अशी शंका येते. शंकाच, पुरावा असण्याचे कारण नाही.

वैकुंठगमनाच्या परंपरागत कथेत तुकोबा जिजाईला बरोबर चल म्हणतात. ती आपल्या गरोदरपणाची, लहान मुलांची आणि घरच्या म्हशीची अडचण सांगते. कीर्तनकार हा प्रसंग हसवण्यासाठी सांगतात : पाहा, दारात वैकुंठ आले आणि बाईला म्हैस आठवली. नांद्याच्या आजींना मात्र त्यात हसण्याजोगे काही दिसले नव्हते. गोठ्यात दावणीला जनावर असलेल्या बाईला ती सबब वाटत नाही. आणि इतिहासही आजींच्या बाजूने साक्ष देतो. तुकोबा गेले तेव्हा पोटात असलेला मुलगा म्हणजे नारायणबाबा; देहूहून पंढरपूरला जाणारा पालखी सोहळा १६८५च्या सुमारास सुरू करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. जिजाई विमानात बसली असती तर आषाढात आमच्या भागातून लोक कशाच्या मागे चालले असते, हा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला. चेष्टेत विचारला, पण विचारला.

२०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘तुकाराम’ केला. जितेंद्र जोशी यांच्या तुकारामाला तिथे रखमाही आहे आणि आवलीही. वीणा जामकर आणि राधिका आपटे यांनी त्या भूमिका केल्या. संशोधनाच्या दृष्टीने तो १९३६च्या चित्रपटापेक्षा अधिक सावध आहे. परंतु वहाण उगारणाऱ्या गौरीची जी दहशत प्रेक्षकाच्या मनात राहते ती तिथे नाही, हे आम्ही खेदाने नोंदवतो.

जिजाईपासून पुढच्या पायरीवर यायला तीनशे वर्षे लागली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. म्हणजे शेवटचा भाग आणि प्रभातचा चित्रपट एकाच वर्षीचे. हा योगायोग आमच्या फार उशिरा लक्षात आला. एकीकडे पुण्यात कवीच्या बायकोला नटीचा आवाज मिळत होता, दुसरीकडे एका कवीची बायको स्वतःच बोलू लागली होती. नारायण वामन टिळक १८९५च्या फेब्रुवारीत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना न सांगता झाले. पुढची काही वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. टिळकांचा संताप, त्यांचे अचानक निघून जाणे, हाती आलेला पैसा वाटून टाकणे हे सारे लक्ष्मीबाई सांगतात, आणि अशा विनोदी चालीने सांगतात की वाचक हसता हसता मध्येच थबकतो. टिळक १९१९ साली वारले होते. लक्ष्मीबाईंना कोणाची परवानगी घ्यावयाची नव्हती. मागील शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभी विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी या पुस्तकावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या. येथे एक गोष्ट अधोरेखित करावीशी वाटते : हा चित्रपट टिळकांचे चरित्र म्हणून योजलेला नव्हता. लेखकाच्या बायकोच्या पुस्तकावर तो आधारलेला होता, तिच्याच नजरेने चालत होता, आणि दिग्दर्शकही स्त्री होती. केंद्र सरकले की ‘प्रसिद्ध लेखकाचे खळबळजनक खाजगी आयुष्य’ या शब्दांतली सनसनाटी आपोआप गळून पडते. उरतो तो संसार.

यानंतर सुनीताबाई. ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली मौजेने प्रसिद्ध केले. शीर्षक म्हणजे एका परिचित ओळीचा पूर्वार्ध. उत्तरार्ध लिहिलेला नाही, पण शाळेत मराठी शिकलेल्या वाचकाने तो मनात पुरा केल्याशिवाय राहत नाही. ज्याच्याविषयी पुस्तक होते तो लेखक हयात होता, सत्तरीत होता, आणि मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांतून त्याच्या ध्वनिफिती वाजत होत्या. त्या काळी आम्ही विद्यार्थी होतो किंवा नुकतेच नोकरीला लागलो होतो. वसतिगृहात हे पुस्तक हातोहात फिरे आणि प्राध्यापकांच्या खोलीत त्यावर आवाज चढत. ‘असे लिहायला नको होते’ हा एक पक्ष. ‘असे लिहायलाच हवे होते’ हा दुसरा. तिसरा पक्ष, जो पुस्तक वाचलेल्यांचा होता, तो संख्येने लहान.

कारण ज्या अपेक्षेने ते वाचले जाई ती पुस्तक पुरवीत नाही. त्यात गौप्यस्फोट शोधणाऱ्याच्या हाती लागतो तो एका अत्यंत कर्तबगार बाईने स्वतःशी मांडलेला हिशेब. रत्नागिरीच्या ठाकुरांची ही मुलगी बेचाळीसच्या चळवळीत भाग घेतलेली. लग्न या बंधनावर तिचा विश्वास नव्हता, लग्नाचा आग्रह पुलंचा. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने ते झाले. आठ आण्यांत लग्न झाले ही हकिकत सर्वांना पाठ असते, आणि अशी हकिकत पडद्यावर चटकन उतरते. त्यानंतरच्या चोपन्न वर्षांचे काय? नवरा गुणी, पण मुलासारखा. त्याला दुसऱ्याला दुखावणे जमत नाही, म्हणून नकार देण्याचे काम बायकोचे. करार, परवानग्या, मानधन, मुद्रिते, देणग्यांचा हिशेब, आलेल्यागेलेल्याचे जेवण, आणि या सर्वांतून ‘कडक बाई’ अशी ख्याती. पुलंच्या दिलदारपणाचा खर्च सुनीताबाईंच्या लौकिकातून भागवला गेला, असे आम्ही म्हणू. हे वाक्य कठोर वाटल्यास त्यांचे पुस्तक पुन्हा वाचावे. त्या स्वतःवर आमच्यापेक्षा कठोर आहेत. नवऱ्याच्या चुका सांगताना त्या आपला हट्ट, आपला तुटकपणा, आपला अहंकार त्याच पानावर मांडून ठेवतात. गौरी देशपांडे यांच्यासारख्या लेखिकेला हे पुस्तक इंग्रजीत न्यावेसे वाटले, यात नवल नाही.

असे पुस्तक समोर असताना चरित्रपटाने काय केले? ‘भाई’ या चित्रपटाची चौकट पुण्याच्या प्रयाग रुग्णालयातल्या अखेरच्या दिवसांची आहे. पुलंचा मृत्यू १२ जून २००० रोजी, लग्नाच्या वाढदिवशीच झाला. अशी तारीख वास्तवाने दिली नसती तर पटकथाकाराने योजली तर कोणी मानली नसती. खाटेभोवती माणसे जमतात, आठवणी निघतात. आठवण निघाली की किस्सा येतो, किस्सा आला की कोटी येते, आणि कोटी आली की प्रेक्षागृह हसते. पूर्वार्धातली वसंतराव, भीमसेन आणि कुमार गंधर्व यांची मैफल तर प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. ती रंगते खरीच. अभिनयात उणे काढावे असे फार थोडे आहे. इरावती हर्षे यांची सुनीता ताठ, रोखठोक, आणि क्वचित जे एकटेपण डोळ्यांत आणते ते संवादांपेक्षा खोल आहे.

अडचण रचनेत आहे. शीर्षक पुलंच्याच ‘व्यक्ती आणि वल्ली’वरून घेतले की नायक वल्ली होणार, हे ठरून गेले. वल्लीला दोष असतात, पण ते गोड असतात. त्याच्या दोषांची किंमत कोणी मोजली हे वल्लीच्या कथेत विचारायचे नसते. नारायण लग्नघरात राबून गेल्यावर त्याच्या घरी काय चालले असेल, हे तरी आपण कुठे विचारतो? (पुलंनी ते विचारले आहे, असे काही सहकारी म्हणतात. आम्ही त्या निबंधाकडे पुन्हा पाहू.) परिणामी पुस्तकातली चिकित्सा करणारी बाई पडद्यावर शिस्त लावणारी बाई होते. ज्या व्यथेचा विचार तिने पुस्तकभर केला, ती व्यथा एका दृश्यात बोलली जाते, आणि पुढच्या दृश्यात कोणीतरी पेटी काढते.

येथे आम्हांला प्रभातच्या जिजाईची आठवण अपरिहार्यपणे झाली. जिचे एक अक्षर उरलेले नाही, तिला १९३६ साली पडद्यावर एवढी जागा मिळाली; आणि जिने स्वतःच्या सहीने पुस्तक लिहिले, तिची जागा २०१९ साली आक्रसली. याचे एक कारण सरळ आहे. भूक दिसते. रिकामे मडके, तापाने फणफणलेले पोर, गोठ्यातली म्हैस यांना कॅमेरा लावता येतो. मध्यमवर्गीय सुशिक्षित घरातले दुःख मात्र नाहीतील बाबतींत असते : नवऱ्याने विचारले नाही, पाहिले नाही, त्याच्या लक्षात आले नाही. न घडलेल्या गोष्टी चित्रित कशा करणार? मुद्रिते तपासणारी किंवा पत्र लिहीत बसलेली बाई दाखवायची तर कॅमेऱ्याच्या हाताला फारसे काही लागत नाही. ‘प्रिय जी. ए.’ हा सुनीताबाईंच्या जी. ए. कुलकर्णींना लिहिलेल्या पत्रांचा संग्रह २००३ साली आला. त्या पत्रांतली बाई वाचली की कळते, तिचे खरे आयुष्य जिथे चालले होते ती खोली कोणत्याही मैफलीच्या दिवाणखान्यात नव्हती.

दुसरे कारण हक्काचे आहे. पुलंच्या शब्दांच्या वापराबाबत सुनीताबाई किती काटेकोर होत्या हे नाट्यवर्तुळात सर्वांना ठाऊक होते. त्या २००९च्या ७ नोव्हेंबरला गेल्या. चित्रपट दहा वर्षांनी आला. त्या असत्या तर पटकथेच्या समासात त्यांनी काय लिहिले असते, याची कल्पना करणे हा आमच्या वर्गातला एक आवडता खेळ होऊन बसला. परदेशातही ही तेढ नवी नाही. सिल्विया प्लाथवर २००३ साली चित्रपट निघाला तेव्हा तिची मुलगी फ्रीडा ह्यूज हिने आईच्या कविता वापरण्यास नकार दिला. कवयित्रीवरचा चित्रपट तिच्या कवितांना जवळजवळ पारखाच राहिला. तोलस्तोयच्या पत्नीने ‘युद्ध आणि शांती’ची हस्तलिखिते पुनःपुन्हा उतरून काढली आणि स्वतःच्या दैनंदिनीत संसाराची दुसरी बाजू लिहिली. त्या दाम्पत्याच्या अखेरच्या दिवसांवर जे पारिनी यांची कादंबरी १९९० साली, म्हणजे ‘आहे मनोहर तरी’च्याच वर्षी आली, आणि पुढे २००९ साली तिच्यावर चित्रपट झाला. त्यात सोफिया मध्यभागी आहे. कादंबरीने अनेकांच्या दैनंदिन्या समोरासमोर ठेवल्या होत्या, म्हणून ते साधले. ‘भाई’ला असा मार्ग मोकळा नव्हता असे नाही, पुलंच्या बाजूची पुस्तके आणि सुनीताबाईंची पुस्तके एकाच कपाटात होती.

या ठिकाणी आमच्या गटात मतभेद झाला आणि तो मिटलेला नाही. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, आपण चित्रपटाकडून पुस्तकाचे काम मागत आहोत. ‘भाई’ पाहून बाहेर पडलेल्या हजारो तरुण प्रेक्षकांना सुनीताबाईंचे नाव तरी कळले, काहींनी पुस्तक विकत घेतले असेल, एवढे पुरे. दुसरीचे म्हणणे, उलट घडते : पडद्यावरची प्रतिमा आधी मनात बसते आणि मग पुस्तकातली बाई त्या प्रतिमेच्या आवाजात बोलू लागते. तिने वर्गातले उदाहरण दिले. चित्रपट आधी पाहिलेल्या एका मुलीने ‘आहे मनोहर तरी’तील परिच्छेद मोठ्याने वाचला तो चिडक्या सुरात, पुस्तक आधी वाचलेल्या मुलीने तोच परिच्छेद हळू, जवळजवळ स्वतःशीच वाचला. परिच्छेद एकच होता.

मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ सालचे. नामदेव ढसाळ तेव्हा हयात होते आणि कवी म्हणून ऐन भरात होते. लक्ष्मीबाईंचा विनोद आणि सुनीताबाईंचा संयम या दोहोंचा आधार न घेता लिहिलेले हे पुस्तक आजही वर्गात शिकवणे सोपे नाही. आम्ही ते शिकवतो. २०२५च्या फेब्रुवारीत एका मराठी चित्रपटातील ढसाळांच्या कवितांवरून परीक्षण मंडळात ‘कोण हे ढसाळ’ अशी विचारणा झाल्याचे वृत्त आले आणि महाराष्ट्रात संताप उसळला. संताप योग्यच होता. परंतु उद्या ढसाळांवर मोठा चरित्रपट झाला तर त्यात कवितेबरोबर ते घर किती येईल, आणि मलिकाबाईंच्या पुस्तकाला न विचारता येईल काय, याविषयी त्या गदारोळात कोणी बोलल्याचे आम्हांला आठवत नाही. विद्रोही कवीच्या बाबतीत हा प्रश्न विचारणे प्रतिगामीपणाचे ठरेल, अशी भीती असावी. पुलंच्या बाबतीत तो विचारणे रसभंगाचे ठरते. तुकोबांच्या बाबतीत, पाखंडाचे.

चौथ्या रविवारी नांद्याला ‘भाई’चा उत्तरार्ध दाखवला. आजी याही वेळी ओसरीवर होत्या. त्यांनी पुलंचे काही वाचलेले नव्हते, रेडिओवर ऐकले असावे. त्यांना चित्रपट आवडला, गाणी विशेष. जाताना त्यांनी आमच्या सहकारी बाईंना विचारले, “ती बाई लिवायची ना? मग तिला लिवताना का नाई दाखवलं?” याचे उत्तर आम्हांला लगेच सुचले नाही. पुढील सत्रासाठी आम्ही क्रम बदलला आहे : आधी ‘स्मृतिचित्रे’, मग ‘आहे मनोहर तरी’, आणि चित्रपट दिवाळीच्या सुटीनंतर.